झाकून ठेवलेला भात

पडद्यावर मी दोरायला किती वेळा मारलं, देव जाणे. मनिलाच्या सिनेमांत आम्ही दोघं किरकोळ कामं करायचो. मी कायम जमीनदाराचा गुंड, ती कायम नायकाची बहीण. आधी तिची अब्रू लुटायची, मग जीव घ्यायचा, की नायक बंदूक उचलायला मोकळा!

एकदा मात्र दिग्दर्शकाने तिच्याच घरचं दुःख सिनेमात घेतलं. तिचा भाऊ इस्को नेग्रोस बेटावरच्या ऊसमळ्यात मजुरांच्या बाजूने बोलायचा. मळ्याचे पहारेकरी त्याला घेऊन गेले, तो परत आलाच नाही. "मानोंग, हा सिनेमा आमच्या गावात लागू दे. कुणीतरी तोंड उघडेल बघ," ती मला थोरला भाऊ मानून म्हणायची. वेडी पोर!

तिच्या गावच्या जत्रेत, आम्हा दोघांसमोरच, बास्केटबॉलच्या मैदानात पडदा लागला. माझं थोबाड दिसताच पोरं ओरडली, "आला रे आला! आता बहिणीला मारणार!" मारलं. लोक शेंगदाणे आणायला उठले. "आता हिरो थडग्यावर शपथ घेणार!" त्याने घेतली. हशा, टाळ्या. मळ्याचा मुकादमही पोट धरून हसत होता. पुढचं सगळं पाठ असलेल्या गोष्टीला तो कशाला घाबरेल? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रोजेक्टर एकच होता. रीळ बदलायला दिवा लावला, तशी दोराय उठून पडद्यापुढे उभी राहिली.

"अगं, तू मेलीस ना?" कुणीतरी टवाळी केली.

"मेले. पण असं काही झालंच नव्हतं. बंदूक घेऊन कुणी आलं नाही. इस्को जाताना म्हणाला, भात झाकून ठेव, आलोच. आमची नानाय अजून रोज झाकून ठेवते. सकाळी कोंबड्यांना घालते."

कुणी हसलं नाही. मुकादम चुळबुळायला लागला. मग मागून ऊसतोड्या म्हातारा सेलो उठला.

"मी बघितलंय. जुन्या कारखान्यामागे पुरलंय त्याला."

दोरायच्या आईने, नानायने, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला. "चल, दाखव."

सिनेमा अर्धाच राहिला. मुकादमाच्या नाकासमोरून सगळं मैदान तिच्यामागे निघालं.

दोराय, तुझे उपकार मी कसे फेडू गं? जन्मभर मी खोटी मढी पाडली. खऱ्या माणसाला खांदा द्यायचा मान तू दिलास. इस्कोला आम्ही चर्चच्या आवारात नीट पुरलं. त्या दिवसापासून नानायने भात झाकून ठेवणं बंद केलं.