तात्या कारकुनांचं ऐकणं

तात्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, अशी पहिली तीन-चार वर्षं माझी पक्की समजूत होती. वकिलाच्या कारकुनाला प्रश्न विचारता येऊ नयेत, म्हणजे न्हाव्याला वस्तरा धरता येऊ नये तसलंच. पक्षकार आला की ते त्याला ओटीवरच्या सतरंजीवर बसवायचे, तांब्या-भांडं पुढे सरकवायचे आणि स्वतः समोर मांडी घालून बसायचे. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, तक्रार कोणाविरुद्ध आहे हेही विचारायचं नाही. माणूस आपणहून बोलायला लागेपर्यंत तात्या गप्प, आणि एकदा लागला की तो थांबेपर्यंत गप्प. आतल्या खोलीत मी घड्याळाकडे बघत चरफडत असायचो.

तात्या मला माझ्या मामांकडून मिळाले. मामांनी अलिबागेत तीस वर्षं वकिली केली. ते वारले तेव्हा त्यांची कायद्याची पुस्तकं, त्यांचं शिसवी मेज आणि तात्या, असा सगळा सरंजाम माझ्याकडे आला. हे एकोणीसशे बावीस-तेवीसच्या सुमारास. मी नुकता सनद घेऊन आलेलो, अंगात नवा काळा कोट, आणि जगातल्या प्रत्येक भांडणाला कुठलं ना कुठलं कलम लागतं अशी खात्री. तात्या पन्नाशीला टेकलेले, काटकुळे, कानात भिकबाळीची जुनी भोकं, आणि पावसाळा असो की उन्हाळा, खांद्यावर घडी घातलेलं उपरणं.

ऐकताना ते टाक खाली ठेवायचे. हे मला सर्वांत जास्त खुपायचं. पुढ्यात कागद, दौत भरलेली, पक्षकार घडाघडा बोलतोय आणि हा गृहस्थ हात मांडीवर ठेवून बसलाय. एकदा मी तोडून बोललो, "तात्या, लिहून घ्या ना! मग पुन्हा तेच विचारत बसाल." तात्या माणूस जाईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "साहेब, लिहायला लागलं की माणूस टाकाकडे बघून बोलतो. टाक चालला की मोठ्यानं, थांबला की हळू. मग ते त्याचं बोलणं राहत नाही." मला हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटलं.

दुसरी खोड तपकिरीची. पक्षकाराचं बोलणं संपलं, आता तरी तात्या कामाला लागतील असं वाटावं, तर ते कनवटीची डबी काढायचे. चिमूट घ्यायची, झटकायची, पुन्हा घ्यायची, डबी बंद करायची. ह्या सगळ्याला पाचेक मिनिटं सहज जायची. आणि नवल म्हणजे तेवढ्यात तो माणूस पुन्हा बोलायला लागायचा, ह्या वेळी हळू आवाजात. बांधाचं भांडण घेऊन आलेला शेतकरी आपल्या मुलीच्या मोडलेल्या लग्नावर यायचा. "आधीचं सगळं घरून पाठ करून आणलेलं असतं," तात्या म्हणायचे. "तपकिरीनंतर येतं ते खरं."

माझी तऱ्हा अगदी उलटी. समोरच्याच्या दोन वाक्यांत मला दावा कळायचा, तिसरं मीच पुरं करायचो आणि चौथ्याला उपाय सांगून मोकळा व्हायचो. लोक मला हुशार म्हणत आणि मीही म्हणत असे. घरी तर बायकोनं मला काही सांगणंच सोडून दिलं होतं. तिचे वडील आजारी असल्याचं तिनं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी "बरं, बघू," म्हणालो म्हणे. ते गेल्याची तार आली तेव्हा मी विचारलं, "आजारी कधी होते?" त्यावर ती उठून ट्रंक भरू लागली.

चांगुणाबाई आमच्याकडे आली ती ह्याच दिवसांत. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, तिशीच्या आतली विधवा. तिचा नवरा हिरा वर्षापूर्वी समुद्रात बुडाला होता. होडी हिरा आणि त्याचा थोरला भाऊ धर्मा नाखवा, दोघांनी मिळून बांधलेली. आता ती एकट्या धर्माकडे होती.

"व्हडी दोगांची व्हती," ती म्हणाली. "आता दीर माज्या दारावरून जातो नि वर बगत न्हाय. मी म्हंटला, कोरटात तरी—"

"कोर्टात तुमचा निम्मा हिस्सा सिद्ध होईल," मी म्हणालो. "लाकूड कोणी आणलं, सुताराला कोणी बोलावलं, त्याचे साक्षीदार आणा. बाकीचं तात्यांना सांगा."

ती तात्यांसमोर दिवेलागणीपर्यंत बसली. ती गेल्यावर तात्या दारात येऊन उभे राहिले. "साहेब, त्या बाईला होडी—"

"मिळेल. सरळ दावा आहे."

तात्या गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "साहेब, चांगुणाबाईचं म्हणणं असं, की दिराला कोर्टात उभं केल्यावर—"

"उलटतपासणी मी बघतो, तात्या. ते काम माझं."

खटल्याच्या आदल्या दिवशी ते तिसऱ्यांदा आले. मी कागद चाळत होतो आणि मान वर न करताच म्हणालो, "साक्षीदार वेळेवर आणा म्हणजे झालं."

धर्मा नाखवा पिंजऱ्यात उभा राहिला. दांडगा माणूस, कठडा दोन्ही हातांनी धरून उभा. मी तासभर त्याला धारेवर धरलं. सागाचे ओंडके कुठून आणले, भावानं सुताराबरोबर किती दिवस काम केलं, पहिल्या दिवशी नारळ कोणी फोडला. तो हो-नाही म्हणत राहिला. मग मी विचारलं, "हिरा शेवटपर्यंत ह्याच होडीवर काम करत होता ना?"

धर्मानं माझ्याकडे नाही, मागे बसलेल्या चांगुणाबाईकडे बघितलं. "व्हय. त्या दिशी पन व्हता. वारा फिरला नि त्यानं—"

"विचारलं तेवढंच सांगा," मी म्हणालो. "होता की नव्हता?"

"व्हता."

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी पायऱ्या उतरून चांगुणाबाईजवळ गेलो आणि हसून म्हणालो, "झालं तुमच्या मनासारखं."

तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "त्याला इचारलात न्हाय?"

"काय विचारायचं होतं?"

तिनं तात्यांकडे पाहिलं आणि ती तिच्याबरोबर आलेल्या बायकांत जाऊन मिसळली.

तात्यांनी मला तिथेच, कोर्टाच्या आवारात सांगितलं. तिला होडी नकोच होती. होडी घेऊन ती करणार काय? ज्या दिवशी हिरा गेला, त्या दिवशी धर्मा होडीवर होता. किनाऱ्याला लागल्यावर तो एवढंच म्हणाला, "हिरा गेला." कसा गेला, काय झालं, शेवटी काही बोलला का, एक शब्द नाही. बाकीचे गडीही त्याच्या धाकानं गप्प. तिनं किती वेळा विचारलं, तो उठून जायचा. तिला कोणीतरी सांगितलं होतं की कोर्टात शपथ घातल्यावर माणसाला बोलावंच लागतं. त्याला एकदा शपथेवर विचारावं, म्हणून ती आली होती.

मी भडकलो. तात्यांवरच भडकलो. "मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तीनदा सांगायला आलो," तात्या शांतपणे म्हणाले. "तिन्ही वेळा माझं वाक्य तुम्हीच पुरं केलंत."

निम्म्या हिश्शाचा निकाल घेऊन धर्मा गावी गेला, अख्खी होडी ओढून त्यानं चांगुणाबाईच्या घरासमोर वाळूत उभी केली आणि बायकामुलं घेऊन मुरुडला मेहुण्याकडे निघून गेला. ती होडी कोणी समुद्रात घातली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या फळ्या उकलल्या. त्या बाजूला काम निघालं की मी वाट वाकडी करायचो.

त्यानंतर मी ऐकायला शिकायचं ठरवलं, आणि ठरवून शिकण्यासारखं ह्यापेक्षा वैतागाचं काम मी आयुष्यात केलं नाही. टाक खाली ठेवला, तर बोटं मेजावर ताल धरू लागली. जीभ दाताखाली धरली, तर लक्ष जिभेकडेच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून मान डोलवू लागलो, तर तात्या म्हणाले, "मान हलवू नका, साहेब. मान हलली की त्याला वाटतं, ह्यांना समजलं, आता पुरे." मग मी दगडासारखा बसू लागलो. त्यावर तात्या म्हणाले, "गप्प बसता खरे, पण आतमध्ये तुमचा युक्तिवाद चालू असतो. तो बाहेर ऐकू येतो." मी कागद आपटले. "मग करू तरी काय मी?" तात्यांनी ह्याचं उत्तर कधीच दिलं नाही. बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसावं. जन्मजात पोहणाऱ्याला हातपाय कसे मारायचे ते सांगता येत नाही, तसं काहीसं.

सहा-सात वर्षं अशी गेली. मी थोडा सुधारलो, पुन्हा बिघडलो. आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की तात्या पूर्वीपेक्षाही जास्त एकाग्र होऊन ऐकताहेत. बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवत नाहीत. मला त्यांचं कौतुक वाटलं. खरी गोष्ट अशी होती की तात्यांना ऐकू येईनासं झालं होतं. हे मला चांगलं वर्षभर कळलं नाही.

शेवटी तेच एका सकाळी माझ्यापुढे येऊन बसले. "साहेब, मुरुडला जायचंय. धर्मा नाखव्याकडे. चांगुणाबाईचं काम राहिलंय. इतकी वर्षं म्हणत होतो, एकटाच जाऊन येईन, पण आता माझे कान गेले. तुम्हाला ऐकावं लागेल."

रेवदंड्याला तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आम्ही बैलगाडीनं मुरुडला पोचलो. धर्मा माडांच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पांढरे झालेले. त्यानं मला ओळखलं आणि त्याचा हात थांबला. तात्या त्याच्यासमोर वाळूत बसले. मीही बसलो. बऱ्याच वेळानं धर्मा जाळ्याबद्दल बोलायला लागला. मग सुताबद्दल. मग यंदा मासळी कशी लांब गेली ते. मेहुण्याच्या स्वभावाबद्दल. मुरुडच्या पाण्याबद्दल. ऊन कलू लागलं. चार वेळा माझ्या तोंडाशी आलं, 'नाखवा, हिराचं काय झालं ते सांगा.' चारही वेळा तात्यांनी माझा पाय दाबला. त्यांना त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता, पण माझे ओठ हललेले दिसत होते.

"त्या दिशी असाच वारा व्हता," धर्मा म्हणाला. आणि तो थांबला नाही. वारा एकाएकी फिरला. शिडाचा आडवा वासा गरकन आला आणि हिराला लागला. तो पाण्यात गेला. होडीवर आणखी पाच गडी. होडी वळवली असती तर लाट आडवी लागून ती उलटली असती. "त्यानं हाक मारली. दादा म्हनून. दोनदा. मना आयकू आली. मी सुकाणू फिरवला न्हाय." तो जाळ्याकडे बघत होता. "तिला काय सांगू? कोरटात सांगनार व्हतो. तवा तुमी बोललात, इचारलंय तेवडंच सांग. मना वाटला, देवच नको म्हनतो." मग तो म्हणाला, "तुमी सांगा तिला. मना तिच्यापुडं तोंड न्हाय."

परतताना तरीत मी तात्यांकडे बघितलं. एवढी खटपट करून ते आले होते आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो. तात्यांनी मला हातानं थांबवलं. तरीत दहा माणसं होती. "मला सांगायचं तर ओरडावं लागेल," ते म्हणाले. "हे ओरडून सांगायचं नाही. तिला सांगा. त्यानं सांगितलं तसंच."

चांगुणाबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. मी सांगायला बसलो. धर्मानं जिथून सुरुवात केली तिथूनच मीही केली, जाळ्यापासून. तिनं मध्ये काही विचारलं नाही. हाकेपाशी आल्यावर मात्र म्हणाली, "किती येळा?"

"दोनदा."

ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. "ते पाच गडी ह्याच आळीत ऱ्हातात," ती म्हणाली. "त्यांच्या बायका रोज मना हाक मारतात. ह्यो येवडा तवाच बोलला असता, तर मी त्याला भाकर वाडली असती."

मला गप्प राहता आलं असतं. "तो कोर्टात बोलणार होता, बाई," मी म्हणालो. "बोलायला लागलाही होता. मी त्याला थांबवलं."

ती वळली. आणि मग ती मला बोलली. सात वर्षांचं सगळं बोलली. आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कोर्टाचे नियम काय असतात, साक्षीदाराला मोकळं सोडता येत नाही, तिनं मला सरळ सांगायला हवं होतं, असं सगळं माझ्या मनात तयार होतं. ते हळूहळू विरत गेलं आणि नुसतं तिचं बोलणं उरलं. तिचा आवाज बसला तेव्हा ती आत गेली, आणि मी उठलो.

शिमग्याच्या आधी ती स्वतः मुरुडला जाऊन दिराला घेऊन आली, असं मला नंतर कळलं.

तात्यांनी पुढं दोनेक वर्षं काम केलं. कान पुरते गेल्यावर एक दिवस म्हणाले, आता बोर्ली पंचतनला जाऊन राहतो. त्यांची वळकटी आणि ट्रंक गाडीत ठेवली, तेव्हा मला एकदम सुचलं की बोर्लीला ह्यांचं कोण आहे, हे मला माहीत नाही. बायको कधी वारली, मूलबाळ होतं की नव्हतं, कानातली भिकबाळी कुठे गेली, काही म्हणजे काही माहीत नाही.

"तात्या," मी म्हणालो, "तिकडे तुमचं कोण आहे?"

तात्या माझ्याकडे बघून हसले. "हो हो, दिवस मावळायच्या आत पोचू," ते म्हणाले.

मी मोठ्यानं पुन्हा विचारलं. गाडीवानानं मागं वळून पाहिलं, तात्यांनी हात हलवला आणि गाडी निघाली. बारा-तेरा वर्षांत त्यांच्याविषयी मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न होता.