वैरागड्यांच्या गाडीतली शिट्टी

श्रीरंगराव वैरागडे फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण त्यांनी जपून ठेवलं ते मोठ्या साहेबांचं एक वाक्य. साहेब भाषणात म्हणाले होते, "वैरागडेजी, आज फॅक्टरी का कान रिटायर हो रहा है." हे वाक्य पुढे जबलपुरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांत पोचलं, आणि ते पोचवायचं काम श्रीरंगरावांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

वाक्य खोटं मात्र नव्हतं बरं का! लष्कराचा ट्रक तयार होऊन टेस्टिंगला आला की श्रीरंगराव बॉनेटपाशी उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय." खोलून बघावं तर गेलेलंच असायचं. बाकीची मंडळी कानांत कापसाचे बोळे घालून त्या खडखडाटात उभी राहायची. श्रीरंगरावांना त्यांची कीव यायची. "कान बंद करून कानाचं काम कसं करता रे?" असं ते विचारायचे, आणि तेही ओरडून, कारण त्याशिवाय तिथे कुणाला काही ऐकू येत नसे.

आता असा माणूस म्हातारपणी गाडी घेणार, ती काय साधीसुधी घेणार? विजय नगरातल्या शैलेंद्र ठेकेदाराकडे एक काळी जर्मन गाडी होती. चौदा वर्षं वापरलेली, पण थाट असा की शेजारी उभी राहिलेली नवी गाडी तिच्यापुढे मोलकरीण वाटावी. श्रीरंगरावांनी दार लावून आत बसून बघितलं. बाहेर शैलेंद्र बोलत होता, त्याचे ओठ हलत होते, आत मात्र काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. जन्मभर खडखडाटात काढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? फंडातले पैसे काढले आणि गाडी दारात आणली.

लतिकाबाईंनी औक्षणाचं ताट हातात घेतलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नवऱ्याला विचारलं, "म्हातारपणी आणखी एक म्हातारी काहून आणली जी?"

पहिले काही महिने म्हातारीनं खरोखर सेवा करून घेतली. या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. त्यातली एक मागची गळायची, त्यामुळे संध्याकाळी ताठ उभी केलेली गाडी सकाळी बघावी तर मागच्या अंगानं म्हशीसारखी बसलेली. मग वरच्या काचेच्या छपराच्या नळ्या पाल्यानं तुंबल्या आणि ऐन संक्रांतीला अवकाळी पावसाचं सगळं पाणी लतिकाबाईंच्या मांडीवर, तेही नव्या साडीवर. तेल बदला, पट्टा बदला, इंदूरहून पार्ट मागवा, आला तो दुसऱ्याच मॉडेलचा म्हणून परत पाठवा. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. श्रीरंगराव खुलले. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडायचे आणि दुपारी जेवायला हाका माराव्या लागायच्या. पिशवीची गळती तर त्यांनी कानानंच शोधली, गाडीखाली आडवे होऊन.

लतिकाबाई कुरकुरायच्या, पण आतून त्यांचाही जीव गाडीवर जडला होता. त्यांची धाकटी बहीण शकु सिहोऱ्याला. आधी बसनं जायचं म्हणजे गुडघ्यांचा जीव जायचा. आता दार उघडलं की सीटवर नुसतं टेकायचं. शकुच्या गल्लीत गाडी शिरली की लोक ओट्यावर येऊन बघायचे. एवढं सुख लतिकाबाईंना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं, आणि त्यांनी ते कुणापासून लपवलंही नाही.

आणि मग ती शिट्टी आली.

सगळी दुरुस्ती संपली, गाडी लोण्यासारखी चालायला लागली, आणि एक दिवस सिहोऱ्याच्या रस्त्यावर श्रीरंगरावांनी हात वर केला. "श्शऽ! ऐक."

"काय?"

"शिट्टी. बारीक. येऊन राहिली."

लतिकाबाईंनी ऐकलं. शकुच्या सुनेचं काहीतरी अर्धवट सांगायचं राहिलं होतं, ते लवकर पुढे न्यावं म्हणून म्हणाल्या, "हो, येऊन राहिली." झालं! त्या दिवसापासून गाडीत बोलणं बंद. रेडिओ बंद, एसी बंद. तोंड उघडलं की "श्शऽ!" फॅक्टरीतून ओरडत घरी येणारा हा माणूस, आता कुठे शांत गाडीत शेजारी बसून दोन शब्द बोलायची सोय झाली होती, तर बायकोला गप्प बसवून बेअरिंग ऐकायला लागला. लतिकाबाईंना असा राग यायचा की सांगता सोय नाही.

शिट्टीचा तपास सुरू झाला. शेजारचे योगेंद्र दुबे जुने फॅक्टरीवाले. त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी भुवया आक्रसल्या, मान तिरकी केली. खरं सांगायचं तर त्यांना काही ऐकू आलं नाही. पण ज्या आवाजाला खुद्द फॅक्टरीचा कान शिट्टी म्हणतो, त्याला आपण 'नाही' म्हणायचं आणि उद्या चारचौघांत बहिरे ठरायचं? "आ रही है, बड्डे," दुबे अस्सल जबलपुरी दोस्तीत म्हणाले, "पीछे से आ रही है." मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली.

गॅरेजवाला विपुल म्हणाला, "बाबूजी, है तो सही. पर आगे से है." पुढचीही बदलली. शैलेंद्र ठेकेदाराला फोन केला, तर तोही पठ्ठ्या म्हणाला की हो हो, माझ्या वेळीही थोडी थोडी यायची. जबलपुरात माणसं मोठ्याचं मन मोडत नाहीत. ज्याला बसवावं त्याला शिट्टी ऐकू यायची, आणि दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून यायची. दारांची रबरं नवी झाली, पट्टा नवा झाला, टायरं नवी झाली. शिट्टी होती तिथेच.

श्रीरंगराव वाळले. जेवणात लक्ष नाही, झोपेत कूस बदलणं. पुण्याहून मुलगा केतन दर फोनवर एकच पालुपद लावायचा, "बाबा, विका ना ती आता!" एकदा श्रीरंगराव चिडून बोलून गेले, "दसऱ्यापर्यंत शिट्टी सापडली नाही तर विकतो. जिचा आवाज मला समजत नाही ती गाडी माझ्या दारात शोभत नाही." केतननं लगेच ओळखीतलं गिऱ्हाईक तयार ठेवलं. एकदा बोललेलं हा माणूस फिरवत नाही, हे लतिकाबाईंना संसारभराच्या अनुभवानं माहीत होतं. गाडी जाणार, सिहोऱ्याची बस पुन्हा नशिबी येणार, आणि त्याहून वाईट म्हणजे कान हरला म्हणून हे उरलेलं आयुष्य तोंड पाडून बसणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी श्रीरंगरावांनी शेवटची चाचणी म्हणून गाडी बरगी धरणाकडे काढली. मोकळा रस्ता, रहदारी नाही. लतिकाबाई शेजारी गप्प. शिट्टी सगळा रस्ता सोबत. धरणाचं पाणी दिसायला लागलं तिथे एका उतारावर त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि कान टवकारले.

शिट्टी चालूच!

श्रीरंगरावांचा चेहरा उजळला. "सापडली! इंजिन बंद, तरी येऊन राहिली. म्हणजे बिजलीचं काम आहे!" पाना घेऊन ते टुणकन उतरले. या गाडीची बॅटरी डिकीत. त्यांनी डिकी उघडली आणि बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली. आता गाडीत वीज नाही, काही नाही, नुसतं लोखंड.

शिट्टी चालूच.

श्रीरंगरावांनी पाना खाली ठेवला. मग त्यांनी फॅक्टरीतली जुनी रीत धरली. आवाज कुठून येतो हे कळत नसेल तर त्याच्यापासून लांब जायचं आणि कुठल्या अंगाला कमी होतो ते बघायचं. ते कडेच्या एका बाभळीपर्यंत गेले. कमी झाला नाही. बाभळीच्या मागे गेले. लतिकाबाईंनी त्याचा वेगळाच अर्थ लावला आणि सभ्यपणे मान दुसरीकडे वळवली. श्रीरंगराव आणखी खाली उतरले, पार पाण्यापर्यंत, जिथे मासेवाल्यांचं जाळं वाळत पडलं होतं. गाडी वर लांब राहिली होती. वारा पडलेला, पाणी थांबलेलं.

त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. सगळं जग बंद झालं आणि शिट्टी तेवढी एकटी राहिली, आधीपेक्षाही साफ.

श्रीरंगराव तिथेच बसले. आयुष्यात त्यांनी किती ट्रक रिजेक्ट केले होते, आज स्वतःलाच रिजेक्ट करायची पाळी आली. भीती वाटली, लाजही वाटली, आणि ती नव्या बेअरिंगांची लाज नव्हती. ज्या एका गोष्टीच्या जोरावर आपण आपल्याला कोणीतरी समजत आलो तीच गेली, हे त्यांना त्या पाण्यापाशी कळलं, आणि डोळे भरून आले. बराच वेळ ते वर आले नाहीत.

आले तेव्हा लतिकाबाईंनी चेहरा बघूनच ओळखलं की काहीतरी झालंय. "काय झालं जी? सापडली?"

"सापडली," ते म्हणाले आणि सीटवर बसले. "गाडीत काही खराबी नाही. गाडी पास आहे. शिट्टी मीच घेऊन फिरून राहिलो." त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "तुला ती कधी ऐकू आली होती काय? खरं सांग."

लतिकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग हो काहून म्हणत होतीस?"

"पहिल्या वेळी शकुच्या सुनेचं सांगायचं होतं म्हणून. मग सगळेच हो म्हणायला लागले. मला वाटलं, माझेच कान गेले." त्यांनी पदराचं टोक सोडून दिलं. "आणि तुमचा कान चुकतो असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

श्रीरंगरावांना हसू आलं. रडू थांबायच्या आत आलं, त्यामुळे विचित्र दिसलं. अख्ख्या जबलपुरानं मिळून त्यांचं मन राखलं होतं आणि त्यापायी चांगली धडधाकट गाडी उद्या विकली जाणार होती. "केतनला सांग, गिऱ्हाईक नको," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

बॅटरी जोडली, गाडी सुरू झाली. श्रीरंगरावांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा रेडिओचं बटण दाबलं. काहीतरी वाजू दे, काहीही. पण ही जर्मन म्हातारी! बॅटरी एकदा काढली की रेडिओ आकडी कोड मागतो, आणि तो कोड शैलेंद्रलाही कधी माहीत नव्हता. पडद्यावर नुसत्या चार रेघा लुकलुकत राहिल्या. श्रीरंगरावांनी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि सोडून दिलं.

थोडं पुढे गेल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "शकुच्या सुनेचं काय सांगत होतीस?"

लतिकाबाईंनी आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग सुरुवात केली. सून माहेरी काहून गेली, कोणाच्या सांगण्यावरून गेली, शकुनं तिला काय म्हटलं, काय म्हणायला नको होतं. बरगी मागे पडलं. सुनेचं संपलं तेव्हा भाजीवाल्याचं निघालं, मग महाराष्ट्र मंडळातल्या हळदीकुंकवाचं. श्रीरंगराव मान डोलावत होते आणि मधून मधून "मग?" म्हणत होते. शहराच्या अलीकडे लतिकाबाईंना वाटलं, बिचाऱ्याला आजच एवढा धक्का बसलाय आणि आपण काय डोकं खाऊन राहिलो. त्या गप्प झाल्या.

श्रीरंगरावांनी गिअरवरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"थांबू नको लतिका," ते म्हणाले. "तू थांबली की ती सुरू होते."