उजव्या पायातला गोळा

रशीदभाऊ तलावातून सगळ्यात शेवटी बाहेर आले. त्यांच्या मागे फक्त मुरलीभाऊंचा डोंगा होता, कोणी बुडायला लागलंच तर उचलायला ठेवलेला. मुरलीभाऊ धिवर, याच तलावात मासे धरतात. त्यांनी डोंग्यातूनच आवाज दिला, "रशीद, एवढ्या टायमात मी मासे धरून बाजारात विकून आलो असतो बे!"

काठावरची माणसं हसली. रशीदभाऊ हसले नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून ते वाकून उभे होते. मी पुढे होऊन त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. हे यंत्र काय करतं ते करोनानंतर कोणाला सांगावं लागत नाही. आकडा मला आवडला नाही, पण थांबवण्याइतका वाईटही नव्हता. थोडं थांबल्यावर तो वर आला.

"चक्कर येते?"

"नाई."

"छातीत दुखतं?"

"नाई, बाई. आता जाऊ द्या ना. पाण्याचं संपलं, सायकल तर आपली घरची हाय."

त्यांना जाऊ दिलं आणि मी ॲम्ब्युलन्सकडे परत आले.

मी छातीच्या आजारांची डॉक्टर. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात नोकरी करते. गाव कोणतं ते सांगणार नाही आणि रशीदभाऊंचं खरं नावही हे नाही. असं का, ते शेवटी कळेल. त्या दिवशी माझी ड्यूटी शॉर्ट ट्रायथलॉनला होती. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, तिन्ही एकापाठोपाठ एक, पण अंतरं कमी. गावातल्या हौशी सायकलवाल्यांनी ती भरवली होती. अशा ठिकाणी डॉक्टरचं काम म्हणजे दिवसभर उन्हात बसून खरचटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या लावणं. मला वेगळं काम होतं. मैदानात माझा एक पेशंट होता.

रशीदभाऊंचं स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना टीबी झाला होता. त्यांनी एकही गोळी न चुकवता कोर्स पूर्ण केला. शेवटी थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली. म्हणजे थुंकीत जंतू नाहीत, आणि त्यांच्यापासून कोणालाही लागण होणार नाही. पण टीबी गेला तरी त्याची जागा राहते, भिंतीतला खिळा उपटल्यावर भोक राहतं तशी. त्यांच्या डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला अशी एक पोकळी राहिली होती.

गावाला थुंकीचा रिपोर्ट वाचता येत नाही, खोकला मात्र बरोबर ऐकू येतो. गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात जायला लागली. जी यायची ती सायकल लावून रस्त्यावरूनच "ब्रेक पाहून घे रशीद" म्हणायची आणि निघून जायची. मुरलीभाऊ रोज संध्याकाळी दुकानात बसायचे, तेही यायचे बंद झाले. मी दोनदा दुकानाशेजारच्या लोकांना जमवून समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुकान रिकामंच राहिलं. मला या लोकांचा फार राग यायचा. अजूनही येतो.

मग एक दिवस रशीदभाऊ ओपीडीत आले.

"बाई, ते पोहायची-धावायची शर्यत हाय ना, त्यात उतरतो म्हणतो."

"काऊन?" 'का'ऐवजी माझ्याही तोंडून आता असंच येतं.

"बिमार माणूस असं करू शकते का? नाई करू शकत. मंग लोकं पाहतीन ना. अन् मी आलो का तुमी माईकवर सांगा, हा माणूस बरा झाला म्हणून. माझं कोणी आयकत नाई, माईकचं आयकतीन."

मी त्यांना कॉरिडॉरमध्ये भरभर चालवलं. ऑक्सिजन उतरला, पण थोडा. मी अटी घातल्या. पोहताना सगळ्यांच्या मागे राहायचं. सायकल जोरात हाणायची नाही. शेवटचं धावणं धावायचं नाही, चालायचं. त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. पेशंट इतक्या लवकर हो म्हणतो तेव्हा त्याने काहीच ऐकलेलं नसतं, हे मला माहीत आहे.

आमच्या दवाखान्याच्या मुख्य साहेबांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांची कळी खुलली.

"वा मॅडम! याच्यापेक्षा चांगली पब्लिसिटी कोणती? मी स्वतः माईकवर बोलतो. फोटो काढू, मोठं बॅनर करू."

"आधी त्यांना पोचू तर द्या, सर."

"पोचतात हो! तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

"आमच्याकडे निगेटिव्ह चांगलं असतं, सर," मी म्हणाले. ते हसले नाहीत.

सायकलीचा टप्पा मात्र बघण्यासारखा झाला. बाकीच्यांच्या सायकली गिअरच्या, अंगात तंग कपडे, डोक्यावर हेल्मेट. रशीदभाऊंची सायकल त्यांनी स्वतः जोडलेली होती, साधी, काळी, पण चाक असं फिरायचं की आवाज नाही. धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावरून ते परत आले तेव्हा त्यांच्या मागे बरेच जण होते. "ए रशीदभाऊ!" कोणीतरी ओरडलं. किती दिवसांनी कोणी त्यांना रस्त्यात अशी हाक मारली असेल! त्या एका क्षणी मला खरंच वाटलं की हा माणूस आज जिंकणार.

सायकल ठेवली आणि ते धावायला लागले. चालायचं ठरलं होतं.

धावण्याचा रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जात होता. पाळ संपते तिथे मोहाची जुनी झाडं आहेत आणि रस्ता वळतो. वळण घेतलं की समोर मांडव, शेवटची रेघ आणि सगळं गाव. वळणाच्या अलीकडे आमची ॲम्ब्युलन्स उभी होती. तिथून मांडव दिसत नव्हता, साहेबांचा माईकवरचा आवाज तेवढा येत होता. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव ते पुकारत होते.

रशीदभाऊ झाडांपाशी आले आणि थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी नुसता हात वर केला. मी पळत गेले.

"बाई, तोंडात खारट लागून राह्यलं."

मी रुमाल पुढे केला. ते खोकलले. रुमालावर लाल डाग पडला. दुसऱ्यांदा खोकलले, तेव्हा मोठा डाग पडला.

खोकल्यातून रक्त येणं याला आम्ही हिमॉप्टिसिस म्हणतो. कधी ते आपोआप थांबतं. कधी वाढतं आणि दुसऱ्या, चांगल्या फुप्फुसात उतरतं, मग माणूस आपल्याच रक्तात गुदमरतो. कोणतं कसं वागेल ते आधी कळत नाही. अशा वेळी पळणं तर सोडाच, बोलणंही बंद करायचं असतं.

"गाडीत चला."

"समोर तर हाय, बाई. गिळून टाकतो. तेवढं पोचू द्या."

"नाही."

"हात जोडतो तुम्हाले."

माईकवर साहेबांचा आवाज आला, "आता यायचे आहेत आपले रशीदभाई! टाळ्या तयार ठेवा!" लोक टाळ्या वाजवायला लागलेसुद्धा. रशीदभाऊंनी तिकडे मान वळवली. मी त्यांचा दंड धरला.

"रशीदभाऊ, तिथे गेल्यावर खोकला आला तर?"

सगळं गाव समोर, साहेब माईकवर सांगताहेत की हा माणूस पूर्ण बरा झाला, आणि त्याच वेळी तोंडातून रक्त. त्यानंतर त्यांच्या दुकानासमोरून कोणी चाललंही नसतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

"मंग काय सांगसान त्यायले?" त्यांनी हळूच विचारलं.

"पायात गोळा आला म्हणून सांगते."

"कोनत्या पायात?"

"उजव्या."

ते गाडीकडे निघाले आणि डाव्या पायाने लंगडायला लागले. मी "उजवा, उजवा" म्हटलं तेव्हा पाय बदलला. एवढ्या वाईट वेळी मला हसू आलं. ते दाबायला मी खोकलल्यासारखं केलं.

गाडीत त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं. ज्या बाजूचं फुप्फुस आजारी ती बाजू खाली ठेवायची, म्हणजे रक्त चांगल्या बाजूला जात नाही. ड्रायव्हरला सांगितलं, सायरन वाजवायचा नाही. तेवढ्यात साहेब धावत आले, मागे दोन-चार माणसं.

"काय झालं मॅडम?"

"क्रॅम्प, सर. उजवा पाय."

"शेवटच्या वळणावर? अरे यार!" म्हणत त्यांनी गाडीचं दार उघडलं. आत बघितलं. साहेब आता फायलींत गुंतलेले असले तरी जुने डॉक्टर आहेत. पायात गोळा आलेला माणूस डाव्या कुशीवर, श्वास धरून, तोंडावर रुमाल घेऊन झोपत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दार हळूच लावलं आणि मागच्या माणसांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "गोळा आलाय पायात. पाणी कमी पितात आणि पळतात! चला, गर्दी करू नका."

थोड्या वेळाने हेच माईकवरही ऐकू आलं. मांडवात मोठा हशा झाला. गाडी मागच्या रस्त्याने निघाली. साहेबांविषयी माझं मत त्या दिवशी बदललं, हे इथे लिहून ठेवते.

रक्त संध्याकाळपर्यंत थांबलं. थुंकी पुन्हा तपासली, पुन्हा निगेटिव्ह. म्हणजे टीबी परतला नव्हता. जुन्या पोकळीच्या भिंतीतली एक रक्तवाहिनी नाजूक झाली होती, ती पळण्याच्या ताणाने फुटली होती. मी रशीदभाऊंना स्पष्ट सांगितलं: पोहणं बंद, पळणं बंद, हातपंपाने हवा भरणंही बंद. ती वाहिनी पुन्हा फुटू शकते, आणि त्या वेळी रक्त थांबेलच असं मी सांगू शकत नाही. नागपूरला ती आतून बंद करून मिळते. मांडीतून बारीक नळी घालतात, छाती उघडावी लागत नाही.

"पाहू," ते म्हणाले.

पुढच्या वेळी मी त्यांच्या दुकानावरून गेले तर तिथे माणसं. मुरलीभाऊ बाकावरून उठून, लंगडून दाखवत शर्यतीची गोष्ट सांगत होते. "तलावात बुडला नाई, सायकलीवरून पडला नाई, अन् मांडव दिसाले आला तं गोळा!" बाकीचे हसत होते. रशीदभाऊ स्टुलावर बसून चाक जुळवत होते आणि तेही हसत होते, जपून, तोंड मिटून. ज्याला पायात गोळा येतो तो माणूस आपल्यातला असतो. त्याची थट्टा करता येते. टीबी झालेल्याची कोणी थट्टा करत नाही, त्याला फक्त टाळतात.

मी त्यांना बाजूला बोलावलं. नागपूरची तारीख घ्यायची होती.

"नाई जात, बाई."

"पुन्हा रक्त आलं तर?"

"आलं ना. मागच्या हप्त्यात. थोडंसं."

"आणि तुम्ही मला आता सांगता?"

त्यांनी बाकाकडे बघितलं, मग आवाज अगदी खाली आणला. "मी नागपूरच्या दवाखान्यात भरती झालो तं हे इचारतीन, कायले गेला होता? काय सांगू? पायातल्या गोळ्यासाठी नागपूरले कोन जाते, बाई?"

ते खोटं मीच त्यांना दिलं होतं, त्यानेच दुकान भरलं होतं, आणि तेच आता त्यांचा जीव अडवून बसलं होतं. रिपोर्ट निगेटिव्ह असल्याचं खरं सांगावं, तर त्यावर या गावाने आधीही विश्वास ठेवला नव्हता.

दोन दिवस मला धड झोप लागली नाही. शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, उजव्या गुडघ्याची गादी सरकली म्हणा. नागपूरला दाखवावंच लागतं."

तसंच सांगितलं. मुरलीभाऊंनी स्वतः रशीदभाऊंना स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलं, गुडघा सांभाळ म्हणाले. तिकडे वाहिनी बंद झाली. ती पुन्हा उघडू शकते, असंही तिथल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. तोवर दुकान चालू आहे.

मेडिकलच्या शिक्षणात इतकी वर्षं आम्हाला माणसाचा रोग ओळखायला शिकवलं. माणसाला गावात राहायला चालेल असा रोग शोधून द्यायचा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.