मावशीनं मऊ केलेली वाक्यं

हॉस्पिटलच्या वेबसाइटचं काम ताईकडे होतं. पानांची फाइल बाहेर काढायची, भाषांतराला मावशीकडे पाठवायची, परत आली की वेबसाइटवर चढवायची. मावशी तिची सख्खी, निवृत्त नर्स. फाइल परत दिल्यावरही तिचा हात थांबत नसे. वेबसाइट उघडून ती थेट तिथंच वाक्यं मऊ करत बसायची. ‘वेदना संभवतात’ खोडून ‘दुखेल थोडं, सिस्टरला हाक मारा’ असं लिहायची.

“अगं, एकदा वाचून तरी बघ,” ती म्हणायची.

“बघते गं,” हे ताईचं ठरलेलं उत्तर.

मावशी गेली. पुढे हॉस्पिटलचा पत्ता बदलला, आणि तो तर पानापानावर होता. आता एकेक पान कोण उघडत बसणार? ताईनं मावशीची जुनी फाइल शोधली, तिच्यात नवा पत्ता घातला आणि दिली चढवून. घाई नडते म्हणतात, हिला आळस नडला. मावशीनं नंतर थेट वेबसाइटवर केलेलं सगळं एका झटक्यात पुसलं गेलं. पानांच्या आधीच्या प्रती जपायची सोय होती, पण फार जागा खाते म्हणून ताईनंच ती बंद करून टाकली होती.

आठवून लिहू म्हणून ती बसली. एकच ओळ आठवली, तीही मावशीनं फोनवर वाचून दाखवलेली. बाकीची पानं तिनं वर्षानुवर्षं नुसती नेली-आणली होती. वाचलं एकही नव्हतं.