नवऱ्याच्या जागी बसलेल्या नाटेकर वहिनी

"आमच्या ह्यांनी विचारलानी," असं म्हणून नाटेकर वहिनी वर्गात हात वर करायच्या आणि सर खडू खाली ठेवायचे. 'हे' वर्गात नसायचे. ते त्या वेळी कुठल्या तरी मालवाहू जहाजावर ब्राझीलच्या नाहीतर कोरियाच्या वाटेवर असायचे. प्रवेश त्यांच्या नावाचा, पुस्तकं त्यांच्या नावाची, ओळखपत्रावर फोटो त्यांचा आणि पहिल्या बाकावर बसलेल्या वहिनी. रत्नागिरीच्या आमच्या अभ्यासकेंद्रात दूरशिक्षणाने इन्फर्मेशन सिस्टिम्सची पदवी घ्यायला नाना तऱ्हेचे लोक येत, पण नवऱ्याच्या वतीने शिकायला येणारी बाई एकच.

मी काही तिथे हौसेने गेलो नव्हतो. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मी हिशेबनीस. मालकांनी संगणकावर नवी प्रणाली बसवून घेतली आणि मला सांगितलं, शिकून घे, नाहीतर शिकलेला आणतो. त्यामुळे चाळिशीला टेकलेला मी रविवारची झोप सोडून वर्गात बसलो होतो आणि बसल्या बसल्या धुमसत होतो. वहिनी आल्या त्या पूर्णगडच्या एसटीने, उशिरा, घामाघूम. सरळ सरांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, आमचे हे जहाजावर बोसन आहेत, डेकवरच्या खलाशांचे मुकादम, त्यांना यायला जमणार नाही म्हणून मी आले. सरांनी समजावलं की हजेरीची सक्ती नाही, त्यांनी आपलं पुस्तक वाचलं तरी पुरे. "पुस्तक वाचणारा माणूस नाय तो," वहिनी म्हणाल्या, "त्यांना कोणीतरी सांगावं लागतं." आणि बसल्या. एरवीही निम्मे बाक रिकामेच असत, त्यामुळे सरांनी हरकत घेतली नाही.

मग दर रविवारी तोच थाट. डबा बाकावर उभा करायचा, त्याला फोन टेकवायचा, सरांचं बोलणं टिपायला लावायचं आणि शिवाय हाताने लिहीतही राहायचं. सरांनी फळा लवकर पुसला की वहिनी त्यांना दटावायच्या. मला काही समजलं असं मी म्हणालो की म्हणायच्या, "नुसतं हो म्हणू नका भाऊजी, सांगून दाखवा." सांगून दाखवताना निम्म्या वेळा माझी पंचाईत व्हायची. माझी पदवी पुरी झाली त्यात या बाईच्या छळाचा वाटा मोठा आहे.

त्यांचे प्रश्नही असे असत की सर खूश व्हायचे. माहिती भरणारा माणूस रजेवर गेला तर ती कोण भरतो? दोन माणसांनी एकच गोष्ट वेगवेगळी लिहिली तर खरं कुणाचं धरायचं? त्या पहिल्या प्रश्नावर सरांनी अख्खा तास घेतला. शेवटी ते म्हणाले, जी व्यवस्था एकाच माणसाच्या हातावर चालते ती वरून कितीही नीट दिसली तरी कच्ची असते. वहिनींनी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. हळूहळू आमच्या लक्षात आलं की 'ह्यांनी' काहीच विचारलेलं नसतं. जहाजावरून फोन लागला तर दोन मिनिटं लागायचा, त्यात प्रश्न कोण विचारणार?

सरांना वाटलं, ही बाई म्हणजे राखेखालचा निखारा आहे. आमच्यापैकी सगळ्यांनाच तसं वाटत होतं. एका रविवारी त्यांनी वहिनींना थांबवून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही बारावी झालेल्या आहात, तुमच्याच नावाने प्रवेश घ्या, फॉर्म मी भरतो. आम्ही कौतुकाने बघत उभे. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, मला ह्या विषयाची मुळीच आवड नाय," त्या म्हणाल्या. "डोकं दुखतं माझं. मला माणूस घरी हवाय, म्हणून येते." सरांचा चेहरा उतरला. मला मात्र त्या दिवसापासून वहिनी आवडायला लागल्या.

माणूस घरी हवाय म्हणजे काय, ते मला एसटी स्टँडवर कळलं. गाडीला उशीर होता. वहिनी सांगायला लागल्या तेव्हा आवाजात रडणं नव्हतं, घरपट्टीबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. सासरे गेले तेव्हा त्यांचे 'हे', म्हणजे रमाकांत, भर समुद्रात. अग्नी पुतण्याने दिला. वहिनी फोन धरून उभ्या होत्या, निदान बघता तरी यावं म्हणून. चूड लावायच्या वेळी रेंज गेली. पुन्हा फोन लागला तेव्हा माणसं आंघोळी करून परतली होती आणि पलीकडून रमाकांत विचारत होते, झालं का? त्यात त्यांची साखर वाढलेली. कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या एखाद्या तपासणीत तुम्हाला समुद्रावर जायला मनाई होईल. त्याच कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत जहाजाचंही कळतं आणि संगणकाचंही कळतं अशी माणसं घेत, फक्त पदवी लागे. तर हे सगळं असं जुळवलेलं होतं. "मुंबईत असले म्हणजे शनिवारी तरी येतील ना ओ," वहिनी म्हणाल्या.

आणि जुळवण्यात वहिनींचा हात धरणारं कोणी नव्हतं. सातबारा, बँक, आंब्यावरची फवारणी, विहिरीचा पंप, मुलीचा देवरूखच्या कॉलेजातला प्रवेश आणि हॉस्टेल, सगळं एकटीने. मी एकदा कामासाठी पूर्णगडला गेलो होतो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. पंपाचं झाकण उघडून वहिनी आत हात घालून बसल्या होत्या आणि शेजारचा वायरमन बाजूला उभा राहून त्यांना पाना देत होता. चहा झाल्यावर मी म्हटलं, तुमच्या घरात पुरुषाला कामच उरलेलं नाही. थट्टाच केली होती. त्याही हसल्या.

परीक्षेचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. रमाकांतना उतरवून घ्यायला बदली माणूस वेळेवर यायचा नाही. फॉर्म भरायचा, हॉल तिकीट काढायचं आणि परीक्षेच्या दिवशी जहाज कुठल्या तरी बंदराबाहेर नांगर टाकून उभं. असं होता होता नोंदणीची मुदत संपत आली. ह्या सत्राला पेपर दिले नाहीत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं केंद्राने कळवलं. त्या सत्राला रमाकांत आले. वहिनींनी त्यांना आधीच्या रविवारी वर्गात आणलं, आम्हा सगळ्यांची ओळख करून दिली. धिप्पाड, गोरेले, कमी बोलणारे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या बाकावर बसले आणि वहिनी प्रथमच मागे बसल्या.

परीक्षेला त्यांची जागा माझ्या पुढच्या रांगेत होती. प्रश्नपत्रिका आल्यावर त्यांनी नाव आणि नंबर रेखीव अक्षरात लिहिला. मग पेन ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाटलं, विचार करताहेत. मी माझ्या पेपरात बुडालो. मान वर केली तेव्हाही ते तसेच होते. बाहेर जायची परवानगी असलेली वेळ झाली तसे उठले, पेपर दिला आणि गेले.

माझा पेपर संपवून मी बाहेर आलो तर ते मागच्या जिन्यावर बसलेले दिसले. वहिनी पुढच्या फाटकाशी होत्या, त्यांना कळू नये म्हणून इथे वेळ काढत होते. मी शेजारी टेकलो आणि विचारलं, फार कठीण होता का? नाही म्हणाले, तिने फोनवर टिपलेलं सगळं ऐकलं होतं, निम्मं तरी आलं असतं. मग त्यांनी बरंच सांगितलं. जहाजावर आपण हाक मारली की माणसं धावत येतात, दोर कुठला सोडायचा ते आपल्याला विचारतात. मुंबईच्या कचेरीत विशीतली पोरं आपल्याला माऊस कसा धरायचा ते सांगणार. तेही एक वेळ सोसलं असतं, म्हणाले.

"घरात मी पाव्हणा आहे ओ साळवी. पहिला महिना लाड होतात. मग मला कळतं, मी नसलो तरी सगळं चालतंय. परवा बल्ब बदलायला स्टुलावर चढलो, तर म्हणाली, उतरा तुमी, तुमाला नाय जमायचं, तो होल्डर वेगळा आहे. कायमचा येऊन मी तिथे करू काय?"

वेळ संपल्याची घंटा झाली तसे आम्ही उठून पुढे गेलो. फाटकापाशी वहिनी डबा घेऊन उभ्या होत्या. कसा गेला म्हणून विचारलं, रमाकांत म्हणाले, बरा गेला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझाच असा गेलाय की दुसऱ्याचं कुठे बघू. आंब्याखाली बसून त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि सोड्यांचं कालवण होतं. रमाकांत सगळं जेवले, वहिनी नुसत्या बघत होत्या. उरलेल्या पेपरांनाही तेच झालं.

निकाल लागला तेव्हा रमाकांत पुन्हा बोटीवर गेले होते. वहिनी माझं एक पुस्तक परत द्यायला कारखान्यात आल्या. मी कसाबसा पास झालो होतो, त्यांनी पेढे आणले होते, माझ्यासाठी. नवऱ्याच्या निकालाबद्दल मी विषय काढेना, तर त्यांनीच काढला. म्हणाल्या, मला त्याच दिवशी कळलं होतं, खोटं बोलले की ते पोटभर जेवतात. मग म्हणाल्या, "तुमाला काय म्हणाले ते सांगा. गोड करून सांगू नका."

मी सांगितलं. बल्बचंसुद्धा. वहिनींचा चेहरा लाल झाला. मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते एवढंच. त्या म्हणाल्या, मग मी करायला काय हवं होतं? सासरे आजारी असताना डॉक्टर आणायला ह्यांची वाट बघायची होती? पंप बंद ठेवायचा होता? पोरीला घरी बसवायची होती? एकेका प्रश्नाला आवाज चढत होता. त्यांचं खरंच होतं. आणि जिन्यावरच्या माणसाचंही खरंच होतं. बाहेर बर्फाच्या लाद्या फोडायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. मग अगदी हळू म्हणाल्या, "एकाच माणसाच्या हातावर चालतं ते कच्चं. सरांचं वाक्य मी ह्यांना तीन वेळा समजावून सांगितलं. स्वतःला सांगायचं राहिलं."

त्यानंतर वहिनींना वर्गाला यायचं कारणच उरलं नाही. मधे एक-दोनदा फोन झाले. दुसऱ्या वर्षी कळलं की रमाकांत रजेवर आले आणि पुढच्या तपासणीत बाद ठरले. कंपनीने हिशेब करून दिला आणि समुद्र संपला. कचेरीतली जागा पदवीशिवाय मिळणार नव्हतीच. वहिनींना जे हवं होतं ते झालं होतं, माणूस कायमचा घरी आला होता, पण असा. शेजारचे सांगत, दिवसदिवस किल्ल्याच्या पायरीवर बसून बोटी बघतात, जेवायला हाक मारली तरच उठतात. मला काळजी वाटायला लागली आणि वैशाखात एका रविवारी मी पूर्णगडला गेलो.

अंगणात शिरलो तर पंपाला फडकं गुंडाळलेलं, म्हणजे तो बंद होता, आणि दोन कळश्या बांधावर ठेवलेल्या. दरवाजाची एक फळी लोंबत होती. ह्या घराची अशी दशा मी कधी पाहिली नव्हती. वहिनी आजारीबिजारी आहेत की काय, असं मनात आलं. तेवढ्यात त्या दिसल्या, मागच्या पडवीला लावलेली शिडी दोन्ही हातांनी धरून उभ्या. वर छपरावर रमाकांत. पावसाआधीची शाकारणी चालली होती, जुनी कौलं काढून फुटकी बदलायची आणि पुन्हा बसवायची. मला बघून ते वरूनच हसले आणि कामाला लागले.

मी वहिनींना हळूच विचारलं, पंपाचं काय झालं? म्हणाल्या, बिघडलाय महिनाभर, ते आता ह्यांचं काम आहे. दरवाजा? तेही ह्यांचंच. पाणी शेंदून शेंदून वहिनींच्या तळहातांना घट्टे पडले होते. पंप दुरुस्त करणं त्यांच्या अर्ध्या तासाचं काम होतं, मी डोळ्यांनी पाहिलेलं. आता हात आवरून धरणं त्यांना किती जड जात असेल, ते शिडीवरच्या त्यांच्या बोटांकडे बघून कळत होतं. मला त्या बाईची फार दया आली, आणि तिचा अभिमानही वाटला.

वर बघितलं तर रमाकांतनी एका ओळीत दोन कौलं उलटी बसवली होती. खालचं वर आणि वरचं खाली. श्रावणात सरळ पडवीत धार लागली असती. मी हात वर करून तोंड उघडलं, तसा वहिनींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"दिसतंय मला," त्या कुजबुजल्या. "गळू दे."

रमाकांतनी घाम पुसला आणि खाली वाकून विचारलं, "बसलं काय गो नीट?"

वहिनींनी मान वर करून ती ओळ इकडून तिकडे बघितली.

"बसलं," त्या म्हणाल्या.