वैक्कोचं सभासदत्व

राउमा गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या आउनेचा नवरा वैक्को उन्हाळ्याच्या अखेरीस वारला. त्याआधी त्याने व्यायामशाळेचं महिनाभराचं फुकट सभासदत्व घेतलं होतं. ते रद्द करायचं राहिलं आणि महिना संपल्यावर खात्यातून दरमहा पैसे कापले जाऊ लागले. आउने भांडायला गेली.

"माणूस गेला, आता कसले पैसे घेता?"

काउंटरवरची मुलगी गोंधळली. "पण काकू, ते दर मंगळवारी येतात. दारावर त्यांच्याच कार्डाची नोंद होते."

"ते कार्ड त्याच्या कोटाच्या खिशात होतं. कोटासकट पुरलंय त्याला."

मंगळवारी आउने तिथल्या सौनापाशी, म्हणजे वाफेच्या खोलीपाशी, जाऊन बसली. दार आपोआप उघडलं. आत कोणीच नव्हतं, तरी तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली आणि वैक्को खाकरायचा तसं कुणीतरी खाकरलं.

आउनेने तक्रार मागे घेतली.

"थंडी पडलीय," ती मला म्हणाली, "शेकू दे त्याला."