माझी मशेरी आणि मुलाची दारू

माझा थोरला हरिहरेश्वरला येणाऱ्या पर्यटकांना रिक्षातून फिरवायचा. पुढे दुपारपासूनच प्यायला लागला आणि रिक्षा दारात उभी राहिली. सून दोन्ही पोरं घेऊन तळा गावी माहेरी गेली. भांडली नाही, रडली नाही. दोन महिने दारूला न शिवता राहिला तर येईन, नाहीतर माझे कपडे पाठवून द्या, एवढंच सांगून गेली. मला कपडे पाठवायचे नव्हते. घरात धडपणे काम करणारी तीच एक होती.

आधी मी माझे उपाय केले. त्याला खोलीत कोंडलं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, भिंतीवर खेकडे चालतात म्हणून ओरडायला लागला. मी लिंबू ओवाळून टाकलं. खेकडे गेले नाहीत. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला उचलून म्हसळ्याला इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्यावरच खेकसली. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर माणूस मरूही शकतो, ती औषधं देऊन, डॉक्टरच्या नजरेखाली सोडवायची असते, म्हणाली.

घरी सोडायच्या दिवशी तिने त्याला समोर बसवून विचारलं. उठल्याबरोबर लागते का? नाही मिळाली तर डोकं दुखतं का, चिडचिड होते का? ठरवूनही सुटत नाही का? तो खाली मान घालून हो म्हणत होता. प्रत्येक वेळी मी डॉक्टरणीकडे बघत होते, बघा कसा निर्लज्ज म्हणून. ती म्हणाली, हा निर्लज्जपणा नव्हे, आजार आहे, मेंदूलाच सवय जडते. मग तिचं लक्ष माझ्या काळ्या बोटाकडे गेलं.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटाने दातांना घासायची. आमच्याकडच्या बायका त्याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. मी दिवसातून सहा वेळा दात घासायचे.

डॉक्टरणीने तेच प्रश्न मला विचारले. उत्तरं तीच निघाली. कितीतरी दिवसांनी मुलगा हसला. येताना मला म्हणाला, "आये, तू सोड, मी पन सोडतो."

"माझं नि तुझं येकच हाय काय?"

"घाबरलीस?"

मी मशेरीची डबी उकिरड्यात फेकली. पहिल्या दिवशी डोकं ठणकलं. दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही. तिसऱ्या दिवशी कोंबडी आडवी आली म्हणून तिला चप्पल फेकून मारली, आणि शेजारणीला, तिने काहीही केलेलं नसताना, भवानी म्हटलं. मुलगा गोळ्या घेऊन ओटीवर बसून माझा तमाशा बघायचा. चौथ्या दिवशी त्याच शेजारणीकडे विरजण मागायला गेले आणि तिच्या न्हाणीत उभी राहून तिच्या डबीतली चिमूट दातांवर फिरवली. बाहेर आले तर समोर मुलगा. माझ्या हातात वाटी होती, विरजण नव्हतं.

आता हा मला शिव्यांनी सोलणार, असं मला वाटलं. मी त्याला वर्षानुवर्षं सोललं होतं.

"परत पयल्या दिसापासनं मोज," तो म्हणाला. "मी बी काल गुत्त्याच्या दारातनं मागं फिरलो."

माझा हात माझं ऐकत नव्हता, तर त्याचा हात माझ्या शिव्या ऐकून कसा थांबणार होता? हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली. शिव्या थांबवल्या. गोळ्या वेळेवर देऊ लागले, आणि दर पंधरा दिवसांनी दोघंही डॉक्टरणीकडे जाऊ लागलो.

तो एकदा घसरला, मी पाच वेळा. त्याने आपलं घसरणं सुनेला फोनवर स्वतःच सांगितलं, वर माझंही. तिने त्याची मोजणी नव्याने सुरू केली.

तीन महिने उलटल्यावर ती आली. बॅग हातातच धरून उंबऱ्यात उभी राहिली. पोरं मागून ढकलत होती तरी हलली नाही. आधी नवऱ्याचं तोंड हुंगलं. मग माझ्याकडे वळली.

"आई, तुमी पन तोंड उघडा."

मी उघडलं. काळं काही सापडलं नाही. दातही फारसे सापडले नाहीत. तिने बॅग आत ठेवली.